‘दुखत नाही’ हे खरंच होतं

वाचकाचं पत्र

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. मागच्या महिन्यात एका रात्री त्या दोनदा उठून बसल्या, छातीवर मूठ धरून. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘काही नाही, कसंतरीच होतंय, गॅस झाला असेल.’ सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘छातीत दुखतंय का?’ त्यांनी सरळ ‘नाही’ सांगितलं. ‘शुगर, बीपी आहे?’ त्यालाही ‘नाही’. दोन्हीच्या गोळ्या त्या रोज घेतात! मी मध्ये पडून रात्रीचा प्रकार सांगितला, म्हणून ईसीजी निघाला आणि त्याच दिवशी त्यांना दाखल करावं लागलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला, स्टेंट बसवला. आता घरी आहेत, बऱ्या आहेत. पण त्या डॉक्टरांशी खोटं का बोलल्या, हा राग माझ्या मनातून जात नाही. त्यात परवा नणंदेशी फोनवर बोलताना मी म्हटलं, ‘आईंना हृदयरोग आहे.’ ते त्यांच्या कानावर गेलं. ‘मला रोगी करून टाकलंस,’ एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पेपरात हाच शब्द छापतात ना? माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, कदाचित माझंच मराठी चुकत असेल. आता पुढच्या तपासणीला जायचंय. कुठे कोणता शब्द वापरायचा? आणि माझी नऊ वर्षांची मुलगी सारखी विचारते, आजी बरी झाली का. तिला काय सांगू?
— एक सून

उत्तर

प्रिय सूनबाई,

नाव कळवलं नाहीत, म्हणून हीच हाक मारते. आधी रागाचं बघू, कारण तो मनात ठेवून पुढच्या तपासणीला गेलात तर तिथेही तोच घोळ होईल.

तुमच्या सासूबाई खोटं बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी विचारलं ‘दुखतंय का’ आणि त्यांचं खरंच दुखत नव्हतं. आपल्याकडे गुडघा दुखतो, दाढ दुखते, डोकं दुखतं. जिथे बोट ठेवून ‘इथे’ म्हणता येतं, तिथे दुखतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं जड होणं, आतून आवळून येणं, भरून आल्यासारखं वाटणं, श्वास कोंडणं, जीव घाबरा होणं, यातल्या कशालाच मराठी माणूस सहसा ‘दुखणं’ म्हणत नाही. आणि हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा पुष्कळांना नेमकं हेच होतं. वयस्कर माणसांत, बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांत तर छातीतली कळ अजिबात नसतानाही झटका येऊ शकतो. नुसता घाम फुटतो, मळमळतं, धाप लागते, गळून गेल्यासारखं होतं. तुमच्या सासूबाई या तिन्हींत बसतात.

त्यांनी छातीवर मूठ धरली होती, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हृदयाचं जडपण दाखवताना माणूस बोट ठेवत नाही, आपसूक मूठ वळून छातीच्या मध्यावर धरतो. वैद्यकीय पुस्तकांत या मुठीला सॅम्युएल लेव्हाइन या हृदयतज्ज्ञाचं नाव आहे. म्हणजे तुमच्या सासूबाईंनी सगळं सांगितलं होतं. हाताने सांगितलं आणि ‘कसंतरीच’ या शब्दानेही सांगितलं. विचारणाऱ्याचा शब्द आणि त्यांचा शब्द, एवढंच जुळलं नाही.

मी ३१ वर्षं वॉर्डात परिचारिका म्हणून काढली, आणि हाच घोळ मी स्वतः घातलेला आहे. नोकरीला लागून सहा महिनेही झाले नव्हते. रात्रपाळीला एक गृहस्थ आले. कपाळावर घाम, शर्टाची वरची दोन बटणं त्यांनी स्वतःच उघडली होती. मी विचारलं, ‘काका, छातीत दुखतंय?’ ते म्हणाले, ‘नाही हो सिस्टर, दुखत काही नाही, नुसतं आवळून आलंय.’ मी कागदावर लिहिलं, ‘छातीत दुखत नाही’. मोठ्या सिस्टरांनी तो कागद वाचला, एकदा काकांकडे पाहिलं आणि खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ‘काय होतंय ते तुमच्या शब्दांत सांगा बरं.’ काका म्हणाले, ‘कंबरेचा पट्टा छातीला बांधून कुणीतरी ओढतंय.’ सिस्टरांनी माझी ओळ खोडली आणि हे वाक्य जसंच्या तसं, अवतरण चिन्हांत, लिहिलं. पुढची धावपळ त्या एका ओळीमुळे झाली. काका वाचले. मला कुणी रागावलं नाही, पण ती खोडलेली ओळ मला आजही दिसते.

म्हणून पहिला सल्ला हा, की सासूबाईंच्या तोंडून आलेला शब्द बदलू नका. तो तुम्हाला विचित्र वाटला, गावंढळ वाटला, अर्थ लागला नाही, तरी तोच डॉक्टरांपर्यंत न्या. ‘चेस्ट पेन आहे का नाही’ याचा निवाडा तुम्ही करू नका. ‘त्या म्हणतात, जड वाटतं, जिना चढताना होतं, बसलं की पाच मिनिटांत जातं’ असं सांगा. डॉक्टरांना यात जितकं कळतं तितकं ‘पेन’ या शब्दातून कळत नाही.

आता ‘गॅस’. आजारपणाच्या आपल्या बोलण्यात मला सगळ्यात जास्त भीती या शब्दाची वाटते. ‘जड वाटतं’, ‘जळजळतं’, ‘मळमळतं’ हे शब्द शरीरात काय होतंय ते सांगतात. ‘गॅस झाला’ हे काय होतंय ते सांगतच नाही. तो काढून टाकलेला निकाल आहे, तोही तपासणीच्या आधीच. ‘पित्त’ही तसंच. एकाचं पित्त म्हणजे घशाशी आंबट येणं, दुसऱ्याचं म्हणजे अर्धं डोकं दुखून उलटी होणं, तिसऱ्याचं म्हणजे अंगावर उठलेल्या लाल गांध्या. तिघंही ‘पित्त झालंय’ म्हणतात आणि तिघांची तऱ्हा वेगळी. ‘अशक्तपणा’, ‘थंडी बाधली’, ‘ऊन लागलं’ हेही याच घरातले. यापुढे सासूबाई ‘गॅस झालाय’ म्हणाल्या तर वाद घालू नका, फक्त विचारा, ‘म्हणजे नक्की काय होतंय?’ आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. मात्र त्या उत्तरात छाती, जबडा, खांदा, डावा हात, दरदरून घाम किंवा धाप यातलं काही आलं, तर ‘सकाळी बघू’ नको. तसंच उठून रुग्णालयात. आम्लपित्ताची जळजळ आणि हृदयाचा त्रास यांची गल्लत अनुभवी डॉक्टरांचीही होऊ शकते, म्हणून तर ते ईसीजी काढतात.

तुम्ही लिहिता की तुमचं मराठी कच्चं असेल. तसं असलं तरी वाईट वाटून घेऊ नका, हे शब्द शाळेत कुणी शिकवत नाही. पण शिकण्यासारखे मात्र आहेत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदना मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. रुग्णाने आपला शब्द निवडायचा. ‘किती दुखतं’ याच्याइतकंच ‘कसं दुखतं’ यालाही महत्त्व आहे, हे त्यामागचं म्हणणं. आपल्या घराघरांत ही प्रश्नावली न छापता चालू असते. ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्यागणिक उसळणारं दुखणं, पिकलेल्या दाढेचं किंवा पू धरलेल्या बोटाचं. तेच हलकं असलं की ठुसठुस. कळ एकदम उठते, टोकाला जाते आणि ओसरते. मुतखड्याची कळ ज्याने सोसली त्याला हा शब्द समजावावा लागत नाही. सणक एका रेषेत जाते, कंबरेतून पायात. चमक भरते ती एका जागी, वाकताना किंवा श्वास घेताना. रग लागते ती ताटकळलेल्या पायांना. मुरडा पोटातच, आणि त्याच्याबरोबर शौचाला धावावं लागतं. चुरचुर कातडीची किंवा डोळ्याची, खवखव घशाची, शिवशिव दातांची. यांतला प्रत्येक शब्द डॉक्टरांना एकेक दिशा दाखवतो. ‘पेन’ म्हटलं की त्या सगळ्या दिशा पुसल्या जातात.

चक्कर या एका शब्दात तर तीन वेगवेगळे प्रकार लपलेले असतात. घर गरगर फिरतंय असं वाटत असेल, कुशीवर वळलं की वाढत असेल, तर बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडे बघावं लागतं. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब एकदम खाली येतोय का ते पाहतात. सासूबाईंच्या आता गोळ्या बदलल्या असतील, तर याकडे लक्ष ठेवा. आणि डोकं ठीक आहे पण चालताना तोल जातो, हे तिसरंच. पुढच्या वेळी त्या ‘चक्कर येते’ म्हणाल्या की एवढंच विचारा, ‘घर फिरतं, अंधारी येते, की तोल जातो?’

श्वासाचंही असंच. ‘दम लागतो’ हे सगळेच म्हणतात. पण ‘आडवं पडवत नाही, उशाला दोन उशा लागतात’ असं कुणी म्हणालं तर ते वाक्य सोन्यासारखं जपून डॉक्टरांना सांगा. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साचतं आणि आडवं झालं की श्वास कोंडतो. बरेच जण हे सांगतच नाहीत, कारण त्यांना तो झोपेचा प्रश्न वाटतो.

अंगातल्या तापाला तर आपण पायऱ्या लावल्या आहेत. कणकण म्हणजे ताप यायच्या आधीची चाहूल, तेव्हा थर्मामीटर काही दाखवेलच असं नाही. कसर म्हणजे रेंगाळणारा बारीक ताप. हुडहुडी भरते तेव्हा ताप चढत असतो, घाम फुटतो तेव्हा उतरत असतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळची कसर आणि उतरत चाललेलं वजन असं एखादी आजी सांगते, तेव्हा तिला ‘क्षय’ हा शब्द माहीत असो नसो, तपासणीला पाठवायला तेवढं पुरतं.

आता दुसरा ‘नाही’. शुगर, बीपी असून त्या ‘नाही’ का म्हणाल्या? यातही खोटेपणा नाही. आपली क्रियापदं बघा. ताप येतो, चढतो, उतरतो. सर्दी होते. डोळे येतात, तोंड येतं. गोवर निघतो, नागीण उठते, ठसका लागतो. हे सगळं येणारं आणि जाणारं. दमा, शुगर, बीपी मात्र ‘असतं’. डॉक्टर ‘शुगर आहे का’ विचारतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, ‘हा आजार कधीतरी निदान झालाय का?’ ऐकणारा मात्र धरून चालतो, ‘आज, या घडीला आहे का?’ गोळी चालू आहे, मागचा रिपोर्ट चांगला आला होता, डॉक्टरच म्हणाले होते ‘कंट्रोलमध्ये आहे’. मग आता कुठे आहे? नाही. हे उत्तर मी शेकड्यांनी ऐकलंय, शिकलेल्या माणसांकडूनही. आम्ही पुढे विचारायची पद्धतच बदलली होती. ‘काय काय आहे?’ असं न विचारता ‘रोज कुठल्या गोळ्या घेता?’ असं विचारायचो, की सगळं बाहेर यायचं. तुम्ही तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या. पाकिटावरच्या नावात शब्दांची गफलत होत नाही.

राहता राहिला ‘हृदयरोग’. तुम्ही वापरलेला शब्द चूक नाही. हृदयरोगतज्ज्ञांच्या पाटीवर तोच असतो आणि सासूबाईंनी ती पाटी वाचून आत जायला हरकत घेतली नसेल. पण पाटीवर तो शब्द एका विषयाचं नाव असतो. घरात, फोनवर, ‘आईंना’ या शब्दाला जोडून आला की तो माणसाला चिकटतो. रोग हा शब्द रुज् या संस्कृत धातूपासून आला, मोडणं, पीडा देणं असा त्याचा अर्थ. ‘रुग्ण’ही त्याच धातूचा, मुळात ‘मोडलेला’. पण ‘रुग्ण’ शब्दाने आज कुणी दुखावत नाही आणि ‘रोगी’ने जीव दुखावतो, कारण शब्दाचं मूळ काहीही असलं तरी तो रोज कुठे वापरला जातो त्याचा वास त्याला लागतो. रोग पिकावर पडतो. रोगट चेहरा, रोगराई, आणि ‘तुला काय रोग आलाय?’ हे तर सरळ खेकसणं. ‘आजार’ फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ त्रास, पीडा. तोच शब्द आपण जास्त मायेने वापरतो. आजारी माणूस पुन्हा बरा होतो, असं त्या शब्दातच गृहीत आहे. रोग्याबद्दल तसं वाटत नाही. ‘विकार’ म्हणजे बिघाड, बदल. म्हणून ‘हृदयविकार’ कानाला जरा सौम्य लागतो. ‘व्याधी’ शरीराची आणि ‘आधी’ मनाची, असा जुना फरक. आज ‘आधी’ हा शब्द विसरला गेला आणि ‘सहव्याधी’ मात्र कोविडच्या काळात घरोघरी पोचली. आणि ‘दुखणं’ हे मला स्वतःला सगळ्यांत आवडणारं. ‘मोठ्या दुखण्यातून उठल्या’ असं म्हटलं की त्यात दुखणंही येतं आणि उठणंही.

शब्द असा चिकटतो तेव्हा काय होतं, ते पाहायचं तर कुष्ठरोगाकडे पाहा. आपण त्याला ‘महारोग’ म्हणत होतो आणि माणसाला ‘महारोगी’. त्याचा जंतू नॉर्वेच्या हान्सन यांना १८७३ मध्येच दिसला होता. अनेक औषधं एकत्र देण्याची उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवली आणि त्या उपचाराने हा आजार पूर्ण बरा होतो. शरीर बरं झालं, पण ‘महारोगी’ हा शब्द अंगावर राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. औषधं संपली तरी त्यांच्या ताटाला कुणी हात लावत नव्हतं. त्याच संघटनेने २०१५ मध्ये नवीन आजारांची नावं ठेवताना गावाचं, माणसाचं, प्राण्याचं नाव वापरू नये असं सांगितलं, ते उगाच नाही. तुमच्या सासूबाईंनी हा इतिहास वाचला नसेल. ‘रोगी करून टाकलंस’ या शब्दांत त्यांना तेच म्हणायचं होतं.

तेव्हा घरात आणि नातेवाइकांत म्हणा, ‘आईंना हृदयाचा त्रास झाला होता, आता बऱ्या आहेत.’ ‘झाला होता’ म्हणा, ‘आहे’ नको. डॉक्टरांसमोर मात्र हा मऊपणा नको. तिथे ‘थोडा त्रास झाला होता’ असं म्हणणं धोक्याचं आहे. तिथे डिस्चार्ज कार्डावर छापलेलं निदान, तारीख, कुठल्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे, हे जसंच्या तसं वाचून दाखवा. दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी सांगा, कारण स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, आणि त्या आपल्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नसतात. काय झालं होतं ते कार्डाच्या शब्दांत सांगायचं. आत्ता काय होतंय ते सासूबाईंच्या शब्दांत.

आणि त्यांची समजूत घालायची तर लांबण लावू नका. जवळ बसा आणि म्हणा, ‘आई, त्या दिवशी तुम्ही खरंच सांगत होतात, मला कळलं नाही.’ मग एक वही त्यांच्यासमोर ठेवा. कधी काय वाटलं ते त्या सांगतील तसं लिहा. ‘मंगळवारी दुपारी जिन्यात जड वाटलं, दोन मिनिटं.’ शुद्धलेखन नको, सुधारणा नको. अक्षर तुमचं, वाक्य त्यांचं. ती वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या हातात द्या.

मुलीला पूर्ण खरं सांगा, नऊ वर्षांच्या मुलीला ते झेपतं. ‘आजीच्या हृदयाकडे रक्त नेणारी एक नळी अरुंद झाली होती. डॉक्टरांनी ती आतून उघडली आणि उघडी राहावी म्हणून बारीक जाळी बसवली. आजी आता बरी आहे, पण गोळ्या रोज घ्यायच्या आहेत.’ ‘बरी झाली’ असं म्हणू नका, कारण मग आजी उद्या गोळी घेताना दिसली की पोर गोंधळेल. ‘बरी आहे’ हे खरं आहे. आणि तिला एक काम द्या. शाळेतून आल्यावर आजीला विचारायचं, ‘आज कसं वाटतंय?’ आजी ‘बरंय’ म्हणेल. आपल्याकडे सगळेच तसं म्हणतात, ताप १०२ असला तरी. तेव्हा ‘बरंय’ ऐकून लगेच उठायचं नाही, आजीपाशी जरा वेळ बसून राहायचं. मग आजी जे दुसरं वाक्य बोलेल, ते वहीत लिहायला तिलाच सांगा.